निळ्या पानांपर्यंत

फ्रेंचमध्ये घोड्याला 'शव्हाल' म्हणतात. कॅनडातल्या क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांताच्या कामगार वस्त्यांमध्ये हाच शब्द तोंडात घोळून 'जुआल' होतो. २१ ऑक्टोबर १९५९ ला माँट्रियलच्या 'ल दव्वार' या दैनिकात आंद्रे लोरांदो यांनी 'कांदीद' या टोपणनावाने एक छोटं टिपण लिहिलं. आपली मुलं शाळेत जातात आणि तरीही फ्रेंच बोलत नाहीत, जुआल बोलतात, अशी त्यात तक्रार होती. ते वाचून प्रांताच्या आतल्या भागात शिकवणाऱ्या एका धर्मसंघीय ब्रदरने पत्र धाडलं. भाषा मोडकी आहे कारण विचार मोडका आहे, विचार मोडका आहे कारण शाळा भीतीवर चालते, असा त्याचा सूर होता. पुढे सप्टेंबर १९६० मध्ये 'फ्रेर अँतेल', म्हणजे 'ब्रदर अमुकतमुक', या नावाने त्याचं पुस्तक निघालं आणि पन्नासेक लाख वस्तीच्या प्रांतात त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. हा ब्रदर म्हणजे झाँ-पॉल देबियें.

या पत्रव्यवहारात मला क्युबेकच्या आधुनिक विचाराची सगळी गाठ दिसते. टिपण लिहिणारा राष्ट्रवादी होता, त्याला एका समाजाच्या भाषेची काळजी होती. उत्तर देणाऱ्याला एकेका मुलाच्या मनात बसलेल्या भीतीची काळजी होती. दोघं एकाच रोगाबद्दल बोलत होते. पुढच्या दहा वर्षांत या दोन काळज्यांचे दोन पक्ष झाले, आणि आज मागे वळून पाहणारा माणूस ते पहिल्यापासून वैरीच होते असं समजून चालतो. ते तसे नव्हते. एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली ती माणसं होती. राज्य कुणासाठी असतं, समाजासाठी की नागरिकासाठी, या एकाच प्रश्नावर त्यांची वाट फुटली.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १७६० मध्ये माँट्रियल ब्रिटिशांच्या हाती पडलं आणि १७६३ च्या तहाने नव्या फ्रान्सचा हा मुलूख कायमचा गेला. १८३७-३८ चा ब्रिटिश राजवटीविरुद्धचा उठाव चिरडला गेला. १८३९ च्या अहवालात लंडनने चौकशीला पाठवलेल्या लॉर्ड डरहॅमने या लोकांना इतिहास नाही आणि साहित्यही नाही असं लिहून टाकलं. त्याला उत्तर म्हणून फ्रँस्वा-झाव्हिए गार्नोने १८४५ पासून कॅनडाच्या इतिहासाचे खंड काढायला सुरुवात केली. उठाव फसल्यावर समाज सांभाळायला उरलं ते चर्च. शाळा, इस्पितळं, अनाथालयं, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळं तिथेच. 'ला सुर्व्हिव्हांस', म्हणजे टिकून राहणं, हेच ध्येय झालं: भाषा, धर्म आणि जमीन धरून राहायचं.

उदारमतवाद त्यांच्याकडे १९५० मध्ये आयात झाला असं मात्र समजू नये. १८४४ मध्ये माँट्रियलला 'अँस्तित्यू कानाद्यें' ही वाचनालय आणि व्याख्यानांची संस्था निघाली होती. बिशप बूर्जे यांचा तिथल्या पुस्तकांवर डोळा होता. संस्थेचा एक सभासद, जोझेफ गिबोर हा छापखान्यातला कामगार, १८६९ मध्ये वारला तेव्हा चर्चने त्याला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७४ मध्ये निकाल गिबोरच्या बाजूने लागला, आणि १८७५ मध्ये सैनिकांच्या बंदोबस्तात, शवपेटीवर काँक्रीट ओतून त्याला पुरलं. बिशपने तेवढाच जमिनीचा तुकडा अपवित्र जाहीर केला. वाचनाच्या स्वातंत्र्यासाठी सहा वर्षं अडून राहिलेलं हे प्रेत विसरलं, तर पुढच्या उदारमतवाद्यांचा चर्चवरचा राग नीट कळत नाही.

राष्ट्रवादाचा आर्थिक धागाही तितकाच जुना आहे. १९०० मध्ये लेव्ही या गावी आल्फोंस देजार्दँ यांनी पहिली 'केस पोप्युलेर', म्हणजे लोकांची सहकारी पतपेढी, स्थापन केली. जानेवारी १९०१ मध्ये तिचे व्यवहार सुरू झाले, आणि पहिल्या दिवसाची जमा २६ डॉलर ४० सेंट होती. जर्मनीतल्या राइफायझेन पतसंस्थांच्या ज्या प्रयोगातून ही कल्पना आली, त्याच प्रयोगावरून १९०४ चा आपला सहकारी पतसंस्थांचा कायदाही बेतलेला होता. सावकाराच्या दारातून सुटण्याची धडपड दोन्हीकडे एकच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मोठा आवाज म्हणजे पाद्री आणि इतिहासकार लिओनेल ग्रू. १९१५ पासून ते विद्यापीठात कॅनडाचा इतिहास शिकवू लागले. भूतकाळ हाच आपला गुरू, ही त्यांची शिकवण. त्यांच्या हाताखाली दोन पिढ्या तयार झाल्या. ग्रूंच्या लिखाणात ज्यूंबद्दल जो द्वेष आहे तो झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या प्रभावाखालच्या तरुण लोरांदोंनीही १९३३ मध्ये एका ज्यूविरोधी सभेत भाग घेतला होता. तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, लोरांदोंनी छापील लेखात त्याची जाहीर कबुली दिली आणि खेद व्यक्त केला. लोरांदोंचा राष्ट्रवाद कसा बदलत गेला हे समजायला मला ही कबुली फार महत्त्वाची वाटते. तो माणूस सतत स्वतःला तपासत राहिला.

आता विहिरीकडे येऊ. तीसच्या दशकात क्युबेकमध्ये कॅथलिक कृतीच्या संघटना उभ्या राहिल्या: तरुण कामगारांची, विद्यार्थ्यांची. त्यांची पद्धत बेल्जियमच्या कार्डाइन या पाद्र्याने घालून दिलेली होती आणि तिला तीन पायऱ्या होत्या: पाहा, पारखा, कृती करा. आधी आपल्या वस्तीतली घरं, पगार, आजार यांची पाहणी करायची. मग ते ख्रिस्ती विचाराच्या कसोटीवर लावायचं. मग काहीतरी करायचं. साधी वाटणारी ही पद्धत जुन्या राष्ट्रवादाला आतून पोखरणारी ठरली. जुना विचार 'आपला माणूस शेतकरी' या गृहीतकापासून निघायचा, आणि पाहणी करायला गेलेल्या पोराला दिसायची गिरणी. १९२१ च्या जनगणनेतच क्युबेकची निम्म्याहून अधिक माणसं शहरी झाली होती. त्यात पॅरिसहून एमान्युएल मुनिए या कॅथलिक विचारवंताचा व्यक्तिवाद आला. हा बाजारातला व्यक्तिवाद नव्हे. माणूस हा समूहात विरघळणारा कण नाही आणि एकटा पडलेला ग्राहकही नाही, तो नात्यांमध्ये उभा राहणारा जबाबदार जीव आहे, असं हे म्हणणं होतं. लोरांदो १९३५ ते ३७ पॅरिसमध्ये होते, त्यांनी ते तिथेच घेतलं. विद्यार्थी संघटनेचे सरचिटणीस राहिलेले जेरार पेल्तिए आणि त्यांचे मित्र, पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले पिएर ट्रुडो यांनीही तेच घेतलं. एवढंच नव्हे, १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध क्युबेक पेटलं तेव्हा तरुण ट्रुडो राष्ट्रवादी उमेदवाराच्या प्रचारसभेत भाषण करत होते.

युद्ध संपलं आणि दोन घरं उभी राहिली. एक जुनंच होतं: १९१० मध्ये आँरी बुरासांनी काढलेलं 'ल दव्वार'. 'दव्वार' म्हणजे कर्तव्य. १९४७ मध्ये शेतकरी संघटनेतून आलेले जेरार फिलियाँ त्याचे संचालक झाले, त्यांनी लोरांदोंना आणलं, आणि पत्राचा रोख बदलला. दुसरं घर अगदी लहान: जून १९५० मध्ये ट्रुडो, पेल्तिए आणि मित्रांनी काढलेलं 'सिते लिब्र' हे नियतकालिक. 'सिते लिब्र' म्हणजे मुक्त नगर.

दोघांसमोर प्रतिस्पर्धी एकच होता. मोरिस द्युप्लेसी १९३६ ते ३९ आणि पुन्हा १९४४ पासून मरेपर्यंत प्रांताचे पंतप्रधान राहिले. लिलीच्या फुलांचा झेंडा त्यांनीच जानेवारी १९४८ मध्ये विधानसभेवर चढवला. प्रांताच्या स्वायत्ततेसाठी ते ओटावाशी, म्हणजे केंद्र सरकारशी, भांडले आणि १९५४ मध्ये स्वतःचा आयकरही बसवला. पण त्या स्वायत्ततेचं करायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. शाळा चर्चकडे, लोखंड अमेरिकन कंपन्यांकडे, कामगार पोलिसांकडे. अंगावा भागातलं लोखंड टनाला एक सेंट दराने दिलं, असं विरोधक म्हणत. ७ सप्टेंबर १९५९ ला त्यांना मृत्यू आला तोही शेफरव्हिल या लोखंडाच्याच गावी.

दोन्ही घरांची खरी परीक्षा झाली ती ॲस्बेस्टॉसच्या संपात. जानेवारी १९४९ मध्ये 'ल दव्वार'ने ईस्ट ब्रॉटन गावात खाणीच्या धुळीने माणसं कशी मरतात याचा मोठा वृत्तांत छापला. १४ फेब्रुवारीला ॲस्बेस्टॉस याच नावाचं गाव आणि थेटफर्ड माइन्स इथल्या सुमारे ५,००० कामगारांनी काम थांबवलं. तासाला १५ सेंट वाढ आणि धुळीचा बंदोबस्त या मागण्या होत्या. कायद्याने आधी लवादाकडे जायला हवं होतं. लवाद सरकारच्या बाजूने कललेला आहे असं मानून कामगार गेले नाहीत, म्हणून संप बेकायदा ठरला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: ही संघटना कॅथलिक होती, प्रत्येक शाखेला पाद्री सल्लागार असायचा. म्हणजे चर्चच्याच मुलांवर चर्चच्या दोस्ताचे पोलिस चालून आले. माँट्रियलचे आर्चबिशप शार्बोनो संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि चर्चच्या दारात त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली. १९५० च्या सुरुवातीला त्यांनी पद सोडलं आणि दूर पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरियाला जाऊन राहिले. संप उन्हाळ्यापर्यंत ताणला. हाती लागलं ते मागितल्यापेक्षा बरंच कमी.

या संपाकडे पाहताना दोघांच्या नजरा वेगळ्या झाल्या. 'ल दव्वार'ला त्यात परकी कंपनी आणि आपला मजूर दिसला. ट्रुडोंनी १९५६ मध्ये संपावर एक ग्रंथ संपादित केला. त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी जवळजवळ प्रत्येक राष्ट्रवादी विचारवंताला धारेवर धरलं. तुम्ही जमिनीकडे परत चला म्हणत होता, सहकार म्हणत होता, लहान दुकानं म्हणत होता आणि तुमचे लोक कारखान्यात होते, हा त्यांचा आरोप. आरोपात तथ्य आहे. पण प्रस्तावना वाचताना एक उणीव खटकत राहते. लोक मागे का राहिले याचं कारण ट्रुडो लोकांच्या विचारात शोधतात, कारखान्याचा मालक कोण होता याकडे ते फारसे थांबत नाहीत.

नेमक्या त्या ठिकाणी माँट्रियल विद्यापीठातले तीन इतिहासकार थांबले: मोरिस सेगँ, गी फ्रेगो, मिशेल ब्रुने. तिघंही ग्रूंच्या परंपरेतले, आणि तिघांनीही ती उलटी केली. सेगँचा युक्तिवाद पायरीपायरीने असा. नवी वसाहत ही मातृदेशाच्या भांडवलावर, व्यापारी जाळ्यावर आणि अधिकाऱ्यांवर वाढते. १७६० मध्ये फ्रान्स गेला तेव्हा हे तिन्ही दोर तुटले. व्यापार लंडनशी जोडला गेला आणि लंडनमध्ये ओळखी असलेल्यांच्या हाती गेला. फ्रेंच कॅनेडियनांपुढे एकच क्षेत्र मोकळं उरलं, शेती. म्हणजे शेती ही या लोकांची दैवी नेमणूक नव्हती. त्यांना ढकलत तिथे नेलं होतं, आणि नंतर त्या ढकलण्यालाच धर्मकर्तव्य म्हटलं गेलं. ब्रुनेंनी १९५७ च्या निबंधात या विचाराचे तीन दोष नावाने सांगितले: शेतीपूजा, राज्याबद्दलचा संशय आणि आपण कुणीतरी निवडलेले आहोत ही भावना. यातला राज्याबद्दलचा संशय सर्वांत महाग पडला असं मला वाटतं. कारण या निदानातून उपाय आपोआप निघतो: भांडवल आपल्याकडे नाही, मोठे उद्योग आपल्याकडे नाहीत, मग आपल्या हातातलं एकमेव मोठं हत्यार म्हणजे क्युबेकचं प्रांतिक राज्य. चर्चच्या राष्ट्रवादातून राज्याचा राष्ट्रवाद इथे जन्मला.

क्युबेक शहरातल्या लाव्हाल विद्यापीठात याला विरोध होता. डोमिनिकन पाद्री जॉर्ज-आँरी लेव्हेक यांनी १९३८ मध्ये तिथे समाजशास्त्रांची शाळा काढली होती, आणि तिथली मंडळी म्हणत की सगळं ओझं १७६० वर टाकू नका, स्वतःच्या संस्थांकडे बघा.

दोन्ही घरं एकमेकांच्या किती जवळ होती हे दाखवणारे दोन प्रसंग आहेत.

पहिला विद्यापीठांच्या अनुदानाचा. १९५१ पासून ओटावाने प्रांताच्या लोकसंख्येच्या हिशेबाने माणशी ५० सेंट विद्यापीठांना द्यायला सुरुवात केली. क्युबेकने एक वर्ष घेतलं, मग द्युप्लेसींनी नाकारलं. पुढे दर माणशी एक डॉलर झाला तरी नकार कायम राहिला. विद्यापीठं कंगाल, प्राध्यापक संतापलेले. आणि द्युप्लेसींचे कडवे टीकाकार ट्रुडो फेब्रुवारी १९५७ च्या 'सिते लिब्र'मध्ये लिहितात की या नकारापुरते द्युप्लेसी बरोबर आहेत. शिक्षण हा प्रांताचा विषय. त्यासाठी वाटायला केंद्राकडे पैसा उरतो, याचा अर्थ केंद्राने आपल्या वाट्यापेक्षा जास्त कर घेतला. आपलं सरकार विद्यापीठं चालवत नसेल तर मतदारांनी ते सरकार पाडावं, दुसऱ्या सरकारकडून मेहेरबानी घेऊ नये. हा शुद्ध उदारमतवादी तर्क आहे आणि तो अगदी स्वायत्ततावाद्यांच्या अंगणात येऊन उभा राहतो.

दुसरा प्रसंग जुलै १९५८ चा. जूनमध्ये 'ल दव्वार'ने नैसर्गिक वायूच्या कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं होतं: सरकारी वीजमंडळाचं गॅसचं जाळं खाजगी कंपनीला विकलं गेलं आणि तिचे शेअर मंत्र्यांकडे निघाले. द्युप्लेसींनी चिडून 'ल दव्वार'च्या बातमीदाराला आपल्या पत्रकार परिषदेतून बाहेर काढलं. माँट्रियलच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यावर आवाज उठवला नाही. ४ जुलैच्या अग्रलेखात लोरांदोंनी कारण शोधलं. आफ्रिकेच्या वसाहतीत ब्रिटिश माणूस स्थानिक राजाला गादीवर ठेवतो, त्याची मनमानी खपवून घेतो, आणि बदल्यात आपले हितसंबंध राखून घेतो. लोकशाहीची अपेक्षा तो त्या राजाकडून करतच नाही. लोरांदोंच्या शीर्षकातला आफ्रिकन राजासाठीचा शब्द आज वाचवत नाही, पण त्यामागची यंत्रणा त्यांनी अचूक पकडली होती. रेसिडेंट आणि संस्थानिक ही जोडी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. या अग्रलेखात राष्ट्रवादी माणूस वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी, म्हणजे उदारमतवादाच्या गाभ्यासाठी लढतो आहे, आणि त्याचा मुद्दा असा आहे की पारतंत्र्य आणि भ्रष्टाचार एकाच दोरीने बांधलेले आहेत.

२२ जून १९६० ला झाँ लसाज यांचे लिबरल ९५ पैकी ५१ जागा जिंकून आले आणि सहा वर्षांत राज्याचा सांगाडा बदलला. १९६१ च्या पहिल्या दिवसापासून इस्पितळ विमा, १९६४ मध्ये शिक्षण मंत्रालय, १९६५ मध्ये निवृत्तिवेतनाचा पैसा गुंतवणारी 'केस द देपो'. या सुधारणा 'ल दव्वार'ने मागितल्या होत्या आणि 'सिते लिब्र'नेही. पण विजेच्या राष्ट्रीयीकरणावर घर फुटलं. रने लेव्हेक या मंत्र्याने ते पुढे रेटलं. पेल्तिएंच्या घरी लेव्हेक, ट्रुडो, लोरांदो आणि कामगारनेते झाँ मार्शां संध्याकाळी बसत आणि यावर भांडत. ट्रुडोंना त्या पैशांचा दुसरा चांगला उपयोग दिसत होता. लेव्हेकना वीज कंपन्यांच्या खुर्च्यांवर फ्रेंच बोलणारे इंजिनियर दिसत होते. नोव्हेंबर १९६२ ची निवडणूक 'आपल्या घरात मालक आपण' या घोषणेवर लढली गेली आणि ६० कोटी डॉलरहून अधिक मोजून अकरा कंपन्या विकत घेतल्या गेल्या. एप्रिल १९६२ मध्येच ट्रुडोंनी नव्या राष्ट्रवादाविरुद्ध आपला सर्वांत धारदार लेख लिहिला होता. राज्य एका वंशाचं झालं की त्या वंशाबाहेरचा नागरिक दुय्यम होतो, हा त्याचा गाभा.

मला यात लेव्हेक अधिक बरोबर वाटतात. १९६१ च्या आकड्यांवर आधारलेल्या अभ्यासात क्युबेकमधल्या पुरुषांच्या उत्पन्नात चौदा वंशगटांपैकी फ्रेंच कॅनेडियन बाराव्या क्रमांकावर निघाले, स्वतःच्याच बहुसंख्येच्या प्रांतात. नुसत्या व्यक्तिस्वातंत्र्याने ती पायरी बदलली नसती. आणि तरीही ट्रुडोंचा इशारा खोटा ठरत नाही. भाषेच्या आणि धर्मचिन्हांच्या प्रत्येक कायद्यावर क्युबेकमध्ये आजही तोच प्रश्न उभा राहतो. दुखरी गोष्ट पुढची आहे. ऑक्टोबर १९७० मध्ये क्युबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या जहाल गटाने केलेल्या दोन अपहरणांनंतर कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडोंनी युद्धकालीन कायदा लागू केला आणि ४९७ माणसं पकडली गेली. बहुतेकांवर कधीच खटला झाला नाही. ज्याने वीस वर्षं हक्कांबद्दल लिहिलं त्याच्या सहीने हक्क स्थगित झाले, आणि त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये 'ल दव्वार' होतं.

लोरांदो ते पाहायला नव्हते. १९६३ पासून ते केंद्र सरकारच्या द्विभाषा आणि द्विसंस्कृती आयोगाचे सहअध्यक्ष होते. आयोगाचा पहिला खंड १९६७ मध्ये आला. त्याच्या सर्वसाधारण प्रस्तावनेची पानं निळ्या कागदावर छापलेली आहेत, म्हणून त्यांना 'निळी पानं'च म्हणतात. त्यातला बराचसा मजकूर लोरांदोंचा. त्यात ते म्हणतात ते असं: एकेका माणसाला त्याच्या भाषेत सरकारी सेवा मिळणं पुरेसं नाही. भाषा जगते ती समाजात, आणि त्या समाजाला स्वतःच्या संस्था आणि स्वतःचे निर्णय घेण्याची ताकद लागते. म्हणून समानतेला राजकीय अंगही आहे, आणि त्याचा विचार आयोग पुढे करील.

२० एप्रिल १९६८ ला ट्रुडो कॅनडाचे पंतप्रधान झाले. १ जूनला लोरांदो गेले. १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने नागरिकाला केंद्राशी त्याच्या भाषेत बोलण्याचा हक्क मिळाला. निळ्या पानांमध्ये कबूल केलेल्या राजकीय खंडावर उरलेल्या सदस्यांचं एकमत झालं नाही, आणि १९७१ मध्ये तो न लिहिताच आयोग मिटला.